फेसबुकचा शेअरिंग डिबगर: लिंकखाली जुनंच चित्र दिसतंय तेव्हा

साइटवरचं चित्र बदललं तरी फेसबुकवर लिंक टाकली की जुनंच दिसतं, कारण एकदा वाचलेली माहिती तिथे साठवलेली असते. यावर फेसबुकचं ‘शेअरिंग डिबगर’ हे मोफत साधन खरोखर कामाचं आहे. लॉगिन करा, पानाचा पत्ता चिकटवा, ‘स्क्रेप अगेन’ (म्हणजे पान पुन्हा वाच) दाबा. मात्र त्याच नावाने नवी फाइल चढवली असेल, तर बटण कितीही दाबा, चित्र ढिम्म हलत नाही! चित्राची ओळख त्याच्या पत्त्यावरून ठरते. फाइलचं नावच बदला. माप १२०० बाय ६३० पिक्सेल, वजन ८ एमबीच्या आत. पानाच्या कोडमध्ये चित्राच्या रुंदी-उंचीचे टॅगही लिहाच, नाहीतर पहिल्या शेअरला चित्राची जागा रिकामी राहू शकते. पानं बरीच असतील तर अनेक पत्ते एकदम ताजे करणारा ‘बॅच इन्व्हॅलिडेटर’ वापरा.