गिरगाव की बोरिवली?

लेक चार वर्षांची झाली आणि घरात एकच विषय सुरू झाला: गिरगावातली सासऱ्यांची चाळीतली खोली, की बोरिवलीत भाड्याने टू बीएचके?

बोरिवलीची बाजू सरळ आहे. स्वतंत्र बेडरूम, लिफ्ट, घरातच संडास, रविवारी नॅशनल पार्क. पण ऑफिस चर्चगेटला. लोकलमध्ये रोजचे दोन तास जाणार, तेही लेकीच्या वाटणीचे.

गिरगावात जागा एवढीशी, जिना लाकडी, पाणी ठरावीक वेळीच. पिंप भरायला पहाटे उठावंच लागतं. तरी माझं मन तिथेच ओढतं. लेक गॅलरीभर धावते, शेजारच्या आजींच्या उंबऱ्यात बसून वरणभात खाते, आणि घरी नको असलेला दोडकाही तिथे निमूट संपवते! केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, पाडव्याला शोभायात्रा निघते, चौपाटी चालत गाठता येते. आता भुयारी मेट्रोही आली.

धास्ती इमारतीची. पुनर्विकास निघाला तर संक्रमण शिबिरात, म्हणजे तोवरच्या तात्पुरत्या घरात, किती वर्षं जातील, कोण सांगणार? म्हणून आधी स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल वाचणार. तो ठीक निघाला, तर शाळेचा अर्ज गिरगावातच भरायचा.