कमळजा सांगते : पडद्यावरचा कुठला ‘ऑथेल्लो’ पूर्ण बघावा, कुठला हात राखून

हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० ला ‘ऑथेल्लो’ मराठीत ‘झुंजारराव’ म्हणून आणलं, तेव्हापासून मी कमळजा. त्याआधी शेक्सपिअरची डेस्डेमोना, आणि त्याच्याही आधी चिंथिओच्या १५६५ च्या इटालियन कथेतली डिस्डेमोना. त्या मूळ कथेत नाव असलेलं पात्र मी एकटीच. बाकीचे नुसते मूर, निशाणबरदार, कप्तान. सिनेमावाल्यांनी हा हिशेब पार उलटा केला. पोस्टरवर स्वारी (माझे यजमान झुंजारराव, म्हणजे ऑथेल्लो, खोट्या संशयापायी माझा जीव घेणारे) आणि जाधवराव (तो संशय पेरणारे, म्हणजे इयागो) समोरासमोर, मी मागे पलंगावर, बहुधा डोळे मिटून.

म्हणून माझी मापं वेगळी आहेत. नायकाचा आवाज, खलनायकाचं हसू यावर लिहिणारे पुष्कळ. मी आधी रुमाल बघते. तो स्वारींनीच मला दिलेला, आणि तोच पुढे माझ्या व्यभिचाराचा पुरावा ठरतो.

नाटकात तो रुमाल पाच हातांतून फिरतो. तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात स्वारी डोकं दुखतंय म्हणतात, मी कपाळाला रुमाल बांधायला जाते, तो लहान पडतो म्हणून स्वारीच तो बाजूला सारतात आणि तो खाली पडतो. ‘राहू दे’ असंही वर म्हणतात. मग माझी दासी एमिलिया उचलते, नवऱ्याला म्हणजे जाधवरावांना देते, ते तो स्वारींचा नायब कॅसिओ (संशय त्याच्यावरच) याच्या खोलीत टाकतात, कॅसिओ नक्षी उतरवून घ्यायला आपल्या मैत्रिणीला, बियांकाला देतो आणि ती भर रस्त्यात तो त्याच्या अंगावर फेकते, स्वारी आडून बघत असताना. यातली पहिली कडी सगळ्यात आधी कापली जाते. रुमाल पडताना जवळून दाखवतात, पण पाडला कुणी ते दाखवत नाहीत. मग प्रेक्षक म्हणतो, बाईच वेंधळी.

रुमाल पडतो त्याच्या पुढच्याच प्रवेशात मी विचारते, रुमाल हरवला कुठे? एमिलिया म्हणते, मला नाही ठाऊक. त्या क्षणी कॅमेरा एमिलियाच्या चेहऱ्यावर आहे का, एवढं बघा. नसेल तर दिग्दर्शकाला ती फक्त दासी वाटली, असं समजा.

दुसरं माप चौथ्या अंकाच्या शेवटचा निजण्याआधीचा प्रवेश. मी विलोचं, म्हणजे सोडून दिलेल्या प्रेयसीचं गाणं म्हणते, एमिलिया केस सोडवते आणि नवऱ्यांबद्दल जे बोलते ते आजही सांगलीच्या कुठल्याही वाड्यात दबक्या आवाजात बोललं जाईल. कथानक इथे पुढे सरकत नाही, म्हणून लांबी कमी करायची झाली की पहिली कात्री इथे चालते. ही खोड जुनीच. १६२२ च्या पहिल्या छापील प्रतीत माझं गाणं नाही, १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्रित आवृत्तीत, आहे. पण हा प्रवेश गेला की पाचवा अंक लंगडतो. तोवर गप्प राहिलेली एमिलिया एकदम तलवारीसमोर उभी राहून खरं बोलते, ते बळ तिच्यात आलं कुठून, हे याच दहा मिनिटांत पेरलेलं असतं.

हिंदी समजणाऱ्या घरात सुरुवात ‘ओंकारा’पासून करा (२००६, अडीच तासांहून थोडा जास्त). विशाल भारद्वाजांनी रुमालाच्या जागी कमरपट्टा आणला, आणि ते शहाणपणाचं झालं. घराण्याचा दागिना म्हटल्यावर त्याचं हरवणं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मूळ नाटकातली वेळेची अडचणही इथे सुटते. नाटकात सायप्रसला उतरल्यापासून माझ्या खुनापर्यंत जेमतेम दीड दिवस जातो, आणि प्रवासात कॅसिओ तर वेगळ्या जहाजावर. व्यभिचाराला सवडच नाही! रंगमंचावर वेगात हे खपतं. घरी सिनेमा थांबवून चहा करायला गेलेला माणूस मात्र हिशेब मांडतो. ‘ओंकारा’त लग्न लांबणीवर टाकून दिवस वाढवलेत, त्यामुळे संशयाला मुरायला वेळ मिळतो. सैफ अली खानच्या लंगडा त्यागीचं (हा इथला इयागो) कौतुक झालंच, पण माझं मत कोंकणा सेन शर्माच्या इंदूला. ही एमिलियाचीच भूमिका, कोंकणाला तिच्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि शेवटी नवऱ्याचा हिशेब इंदू स्वतः चुकता करते. उणीव म्हणाल तर करीनाची डॉली, म्हणजे मी, उत्तरार्धात फार गप्प होते. बोली पश्चिम उत्तर प्रदेशातली असल्याने शिव्यांसकट निम्मं निसटतं, म्हणून हिंदी येत असली तरी सबटायटल चालू ठेवा. आणि घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावर लावा.

१९९५ चा ऑलिव्हर पार्करचा सिनेमा (दोन तासांच्या आसपास) दिसायला देखणा. लॉरेन्स फिशबर्नच्या रूपाने बड्या स्टुडिओच्या ‘ऑथेल्लो’त पहिल्यांदा कृष्णवर्णीय नट ऑथेल्लो झाला. ही गोष्ट किती उशिरा घडली, हे साल बघूनच कळतं. केनेथ ब्रानाचा इयागो थेट कॅमेऱ्याशी बोलतो, तेही जमलंय. माझी तक्रार एकच, पण मोठी. स्वारींच्या डोक्यातला संशय कॅमेऱ्याने चित्र करून दाखवलाय : मी आणि कॅसिओ, शय्येवर. नाटकाचा सगळा डोलारा, पुरावा कधीच दिसत नाही यावर उभा आहे. स्वारी ‘डोळ्यांनी दाखव’ म्हणतात आणि जाधवराव नुसते शब्द पुढे करतात. सिनेमाने ते डोळ्यांनी दाखवलं की प्रेक्षकाच्या मनात नकळत डाग राहतो. हा सिनेमा तिसऱ्या क्रमांकाला ठेवा, पहिला नको.

ऑर्सन वेल्सचा १९५२ चा कृष्णधवल ‘ऑथेल्लो’ जेमतेम दीड तासाचा आणि बघायला सगळ्यात अवघड. सुरुवातच आमच्या दोघांच्या अंत्ययात्रेने होते, इयागोला लोखंडी पिंजऱ्यात घालून वर ओढतात. मोरोक्कोत चित्रीकरण चालू असताना पोशाख वेळेवर आले नाहीत, म्हणून इयागोच्या नादी लागलेल्या रॉडेरिगोचा खून हमामखान्यात, अंगावर पंचे गुंडाळून उरकला. अडचणीतून निघालेला हा प्रवेश सिनेमातला सर्वोत्तम ठरला. माझ्या वाट्याला मात्र एका आवृत्तीत चेहरा सुझान क्लूटिएचा आणि आवाज गुड्रुन युअरचा आला. ओठ आणि शब्द जुळत नाहीत, त्यात तुमच्या टीव्हीचा दोष नाही. आवृत्त्या एकाहून अधिक असल्याने वेगळी उतरवून घेतलेली सबटायटल फाइल पुढेमागे धावते. आधी पाच मिनिटं मधूनच लावून तपासा. चित्राची चौकट जवळपास चौकोनी आहे, टीव्हीवर ‘झूम’ ठेवलंत तर कपाळं कापली जातील.

लॉरेन्स ऑलिव्हिएचा १९६५ चा सिनेमा म्हणजे नॅशनल थिएटरचं नाटकच, पावणेतीन तासांचं. ऑलिव्हिएने अंगाला काळा रंग फासलाय. तो आज खटकतो आणि खटकलाच पाहिजे. तरी एका कारणासाठी शिफारस करते, ते म्हणजे मॅगी स्मिथ. तिची डेस्डेमोना रडूबाई नाही. ती वाद घालते, कॅसिओची रदबदली हट्टाने करते आणि मार खाल्ल्यावरही मान ताठ ठेवते. निजण्याआधीचा प्रवेश इथे आहे, जॉइस रेडमनच्या एमिलियासह. या सिनेमातल्या चौघांना ऑस्करची नामांकनं मिळाली, त्यात या दोघी होत्या. वेळ नसेल तर सरळ चौथ्या अंकापासून बघा.

मल्याळम ‘कळियाट्टम’ (१९९७) केरळातल्या तेय्यम या देवनृत्याच्या पार्श्वभूमीवरचा. रुमालाऐवजी पट्टू म्हणजे रेशमी वस्त्र, नायकाच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण. त्यामुळे न्यूनगंड रंगाऐवजी व्रणांवर आलाय, आणि पटतो. मंजू वारियर बघण्यासारखी.

रंगभूमी दिनाला, ५ नोव्हेंबरला, सांगलीत एखाद्या मंडळाने यातलं काही दाखवायचं ठरवलं (मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक, सांगलीतलंच १८४३ चं ‘सीतास्वयंवर’, तेही मुलीच्या लग्नाचंच होतं, म्हणा), तर ‘ओंकारा’ला त्याचं मध्यंतर आहेच. ऑलिव्हिएचा दाखवताना मध्यंतर तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश सुरू होण्याआधी घ्या, मध्ये कधीच नको. शांत नवऱ्यापासून सूडाच्या शपथेपर्यंतचा सगळा उतार त्या एकाच प्रवेशात आहे. तो तोडला की परत आलेल्या प्रेक्षकाला स्वारी एकाएकी बिथरल्यासारखे वाटतात. टीव्हीवरून प्रोजेक्शन करणार असाल तर हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, नाहीतर नाटकाची संध्याकाळच्या मालिकेसारखी कळा होते. भडंगाची पुडकी मध्यंतरातच संपवायला सांगा. गळा दाबल्यावरही मी एक वाक्य बोलते, हे कुणी केलं विचारल्यावर ‘कुणीच नाही, मी स्वतः’ म्हणते, आणि ते फार हळू असतं. त्या प्रवेशाच्या आधी आवाज दोन घरं वाढवून ठेवा.