पीएचसीच्या टीमचं प्रशिक्षण: रेकॉर्डेड कोर्स, हॉलमधली सीएमई की ‘इको’?

मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांचे 30 क्रेडिट पॉइंट तेवढे जमवायचे असतील, तर फार विचार नको. शहरातली रविवारची सीएमई (डॉक्टरांच्या सततच्या शिक्षणाचा कार्यक्रम) गाठा, जेवणही बरं असतं. पुढचं सगळं प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या (पीएचसी) ज्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना (एमओ) आपल्या टीमचं काम सुधारायचंय त्यांच्यासाठी.

रेकॉर्डेड कोर्स सोयीचा, कारण वेळ आपल्या हातात. प्रोटोकॉल बदलला, नव्या सिस्टर रुजू झाल्या, की तोच बरा. पण व्हिडिओ एकीकडे चालू, हातात ओपीडीचं रजिस्टर आणि शेवटच्या चाचणीत अंदाजपंचे उत्तरं, हा प्रकार कुणाला नवा नाही. शिवाय जो तो एकेकटा शिकतो.

‘इको’ची, म्हणजे व्हिडिओवरून तज्ज्ञांबरोबर रुग्णांच्या केसवर चर्चा करत शिकण्याच्या पद्धतीची, गोष्ट वेगळी. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) शिकलेले डॉ. संजीव अरोरा यांनी 2003 मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत ती सुरू केली. तिथे हिपॅटायटिस सीच्या रुग्णाला तज्ज्ञाची वेळ मिळायला महिनोन् महिने लागायचे. अरोरांनी खेड्यातले दवाखाने आणि तुरुंगातले डॉक्टर-नर्स दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र आणले. रुग्ण त्यांनीच सांभाळायचा, तज्ज्ञांनी त्याच्या केसवर चर्चा करायची. 2011 मध्ये 407 रुग्णांचा निकाल छापून आला: न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये 57.5 टक्के बरे झाले, इकोच्या केंद्रांवर 58.2 टक्के. आकडा हिपॅटायटिस सीचा आहे, तो बीपी-शुगरला जसाच्या तसा लावू नका. पद्धत मात्र आपल्याकडेही वापरली जाते.

समजा, बीड जिल्ह्यातल्या उपकेंद्राची केस आहे. बीपी आटोक्यात येत नाही. एमओ म्हणतात, डोस वाढवू. उपकेंद्राचे समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) दाखवतात की गोळ्या तीस दिवसांच्याच दिल्या होत्या. मग आशाताई सांगतात, “तो दिवाळीपासून ऊसतोडीला गेलाय, मार्चशिवाय येत नाही.” आता चर्चा जास्त दिवसांच्या गोळ्या कशा द्यायच्या आणि कारखान्याच्या भागात बीपी कोण तपासणार, याची होते. एकट्याने पाहिलेल्या व्हिडिओतून हे बाहेर येणं कठीण.

पण आशाताई बोलल्या तर! तज्ज्ञ इंग्रजीत, स्लाइड इंग्रजीत आणि अख्खी टीम म्यूटवर असेल, तर ते नुसतं लाइव्ह व्याख्यान. नाव नोंदवण्याआधी दोन गोष्टी विचारा: चर्चा मराठीत किंवा निदान हिंदीत होते का, आणि केस आपल्याला मांडता येते का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘वेळ उरला तर’ असेल, तर सोडून द्या.

हॉलमधली सीएमई हाताने करायच्या कामासाठी हवीच. प्रसूतीतला रक्तस्राव थांबवणं किंवा नवजात बाळाला हाताने दाबायच्या अँबू बॅगने श्वास देणं पडद्यावर पाहून जमत नाही, मॅनेक्विन (सरावाचा पुतळा) लागतो. मात्र सगळी टीम एकाच दिवशी गेली तर केंद्राला कुलूप. म्हणून एखाद-दुसराच जातो आणि शिकलेलं त्याच्यापाशीच राहतं.

माझा कौल असा: बीपी, मधुमेह, मानसिक आरोग्य, टीबी अशा लांबत जाणाऱ्या आजारांसाठी इको, बाकी माहितीसाठी रेकॉर्डेड. इको घेतलात तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून (टीएचओ) दुपारचा तो तास लेखी मागून घ्या, नाहीतर नेमकी त्याच वेळी रिपोर्टिंगची मीटिंग लागते. प्रत्येकाच्या मोबाइलवर नको. एकाच खोलीत, एका मोठ्या स्क्रीनसमोर सगळे बसा. केस मांडताना रुग्णाचं नाव-गाव सांगू नका. आणि पहिली केस सिस्टरना मांडू द्या, तुम्ही नको.