जुन्या ओम्नीची पेट्रोल टाकी आतून कोट केली : एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आमची मारुती ओम्नी ७९६ सीसीची, एमपीएफआय (म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल सोडणारी). मुक्काम रत्नागिरी, आणि आंब्याच्या हंगामात पेट्या भरून आंबा घाटाने कोल्हापूरची वारी. बाकी वर्षभर ती बरीचशी उभीच असते, आणि माझ्या मते टाकीचं दुखणं तिथूनच सुरू होतं.

लक्षण असं होतं : सपाटीला गाडी झकास, घाटात चढावर पाय दाबला की आचके द्यायची आणि दम सोडायची. थोडा वेळ कडेला थांबवली की पुन्हा ठणठणीत. प्लग आणि कॉइल बदलूनही फरक पडला नाही. टाकीचं झाकण सैल करून चढाव चढवून पाहिला, कारण झाकणातून हवा आत गेली नाही तर टाकीत पोकळी होऊन पेट्रोल ओढलं जात नाही. तेही कारण निघालं नाही. शेवटी टाकीच्या तळचं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवलं. सकाळी खाली तपकिरी गाळ आणि त्यावर वेगळा दिसणारा पाणचट थर! गाडी चालू असताना हा गंज टाकीतल्या पेट्रोल-पंपाच्या जाळीला चिकटायचा, थांबली की सुटून खाली बसायचा. कोड्याचं उत्तर एवढंच.

थराचं कारण इथेनॉल. हल्ली पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा धरतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाला बसतात. कोकणातल्या दमट हवेत अर्ध्या टाकीवर महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला हे फार बाधतं.

टाकी उतरवल्यावर बाहेरची गंमतही कळली. पट्ट्याखाली चिखल अडकून पत्रा कुजला होता, सुईच्या टोकाएवढी दोन छिद्रं. एका गॅरेजवाल्याने लगेच वेल्डिंग सुचवलं. कृपा करून हे कुणीही करू नका. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त घातक असते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगी पुरते, आणि ती वाफ जड असल्याने खड्ड्यात, कोपऱ्यात साचून राहते. आम्ही बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून, उघड्यावर पेट्रोल उपसलं, साबणाच्या गरम पाण्याने टाकी पुन्हा पुन्हा धुतली आणि मग रेडिएटरवाल्या काकांकडे दिली. वाफ उरली नाही याची खात्री करून त्यांनी पितळी डाग दिला.

खरं काम त्यानंतरचं. मूठभर नट टाकून टाकी खळखळवली, लिंबूसताचं पाणी भरून ठेवलं, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने खळबळून काढली. ओला उघडा पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस होतो, म्हणून लगेच गरम हवेने कोरडा केला. मग दोन डब्यांचं, इथेनॉल सोसणारं एपॉक्सी आत ओतून टाकी सगळ्या बाजूंनी फिरवली आणि उरलेलं पूर्ण निथळलं. तळाला साचलं तर ते नीट सुकत नाही आणि पुढे पापुद्रे सुटतात. परतीच्या आणि हवेच्या नळ्या फुंकून मोकळ्या ठेवायला विसरू नका.

आता निकाल. पावसाळा आणि त्यानंतरचा हंगाम गाडीने विनातक्रार काढला. घाटात एकदाही आचका नाही, गाडीत पेट्रोलचा वास नाही. पहिला फिल्टर मी थोड्याच दिवसांत कापून पाहिला, लाइनमध्ये उरलेला गंज त्यात आला होता. दुसरा जवळजवळ स्वच्छ. या कामात दोन फिल्टरांचा खर्च आधीच धरावा.

पेट्रोलचा काटा मात्र अजून पाव टाकी कमी दाखवतो. टाकीतल्या फ्लोटची (पातळी मोजणाऱ्या तरंगत्या तुकड्याची) दांडी बसवताना वाकली असावी. तो पुढच्या वेळी बघेन, कारण त्यासाठी पुन्हा टाकी उतरवणं मला पटत नाही.

पाइपांची काटकसर करू नका. टाकीबाहेरचा पेट्रोलचा पाइप एसएई जे३० आर९ छापाचा (ही पेट्रोलच्या पाइपांची मानक खूण) घ्या. टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडणारा तुकडा मात्र आर१० लागतो. साधा पाइप आत फुगतो, मऊ पडतो आणि पंपाचा दाब गळतो. दुकानदार तेच आहे म्हणेल, पण पाइपावरचा छाप वाचून घ्या.

टाकीचा जोड कुजलेला असेल किंवा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर दबत असेल तर कोटिंगच्या फंदात न पडता नवी टाकीच शोधा. आमची तेवढी गेलेली नव्हती, म्हणून हे जमलं.