डायल एम फॉर मर्डर, ब्ल्यू-रे थ्रीडी: टूडी पण आहे, पण बघा थ्रीडीच

दिग्दर्शक हिचकॉकचा हा 1954 चा पिक्चर मुळात थ्रीडीतच शूट झालेला, पण रिलीज होईपर्यंत अमेरिकेत थ्रीडीची हवाच गेली होती, त्यामुळे बहुतेक थेटरांत साधा टूडीच लागला आणि पुढे टीव्ही, डीव्हीडी सगळीकडे तोच चालला. 2012 ला वॉर्नर कंपनीने ब्ल्यू-रे थ्रीडी (डीव्हीडीच्या पुढची, थ्रीडी चालणारी डिस्क) काढली तेव्हा कुठे घरी बसून तो शूट केलाय तसा बघायची सोय झाली.

डिस्क एकच, त्यात दोन्ही. थ्रीडी ब्ल्यू-रेमध्ये एका डोळ्याचं चित्र पूर्ण असतं आणि दुसऱ्या डोळ्यासाठी त्याच्यापेक्षा वेगळं जेवढं आहे तेवढंच साठवलेलं असतं, म्हणून साधा प्लेयर पहिलं चित्र उचलतो आणि टूडी पिक्चर बिनबोभाट चालू होतो.

मी दोन्ही बघितले आणि फरक प्रचंड आहे. जवळजवळ अख्खा पिक्चर लंडनमधल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये घडतो. टूडीत पुढ्यात टेबल लॅम्प, दारूच्या बाटल्या का येतायत कळत नाही, नुसती अडगळ वाटते. थ्रीडीत तोच लॅम्प पुढे, मागे सोफा, त्यामागे माणसं, आणि कॅमेरा इतका खाली की आपणच कोपऱ्यात लपून नवऱ्याचा बायकोच्या खुनाचा तो थंड डोक्याचा प्लॅन ऐकतोय असं वाटतं! वस्तू अंगावर फेकायचा प्रकार जवळजवळ नाहीच. म्हणूनच बायको झालेल्या ग्रेस केलीचा हात मागे कात्री शोधत थेट आपल्याकडे येतो तेव्हा काळजात धस्स होतं. नंतर इन्स्पेक्टर किल्ली पुढे धरतो तोही शॉट असाच मोजून ठेवलेला.

मध्येच इंटरमिशनची पाटी येते, पावणेदोन तासांच्याच पिक्चरला. त्या काळी दोन डोळ्यांसाठी दोन प्रोजेक्टर एकदमच चालायचे, मग रीळ बदलायला थांबावंच लागायचं. ती पाटी डिस्कवर ठेवलीय हे मला फार आवडलं.

खटकलेलं पण सांगतो. एक सीन विरघळून दुसरा येतो तिथे चित्र मऊ आणि दाणेदार होतं. खिडकीबाहेरचा रस्ता वगैरे मागे पडद्यावर दाखवलाय तो थ्रीडीत अगदीच सपाट दिसतो. लॅम्पच्या कडांना थोडं डबल दिसतं, पण ते टीव्ही-चष्म्यावर पण अवलंबून आहे.

घ्यायची असेल तर कव्हरवर ब्ल्यू-रे थ्रीडी लिहिलंय ना ते नीट बघा, जुनी डीव्हीडी फक्त टूडी आहे. 4के (आणखी बारीक चित्राच्या) डिस्कची वाट बघत बसू नका, त्या फॉरमॅटमध्ये थ्रीडी नाहीच. आणि 2017 पासून मोठ्या कंपन्यांनी थ्रीडी टीव्ही काढणं बंद केलंय, म्हणजे घरात जुना चालू असेल तर कृपा करून भंगारात देऊ नका, नाहीतर थ्रीडी चालणारा प्रोजेक्टर बघा. प्लेयरच्या सेटिंगमध्ये थ्रीडी आउटपुट ऑटोवर आहे का तेही तपासा, नाहीतर टूडीच लागेल.