घरून शिवणकाम सुरू करायचंय? पहिलं मशीन म्हणून मोटर लावलेलं काळं पायमशीन कसं आहे

ब्लाऊज, पंजाबी ड्रेस आणि आल्टरचं काम घरून सुरू करणाऱ्या बाईसाठी पहिलं मशीन कोणतं, याचं आमचं उत्तर सरळ आहे. बिडाच्या काळ्या बॉडीचं, सरळ टाक्याचं मशीन घ्यावं. त्याला खाली लोखंडी स्टँड आणि पायडल असावं आणि मागे वेगळी बसवलेली मोटर. उषा, सिंगर, मेरिट किंवा लुधियानाच्या एखाद्या लहान कारखान्याचं, नाव कोणतंही असलं तरी आतली रचना जवळजवळ एकच असते. हेड (म्हणजे वरचं काळं मशीन), स्टँड, फळी आणि मोटर धरून साधारण ६ ते ९ हजारांत काम होतं. भाव गावागणिक थोडे बदलतात.

याच मशीनचा आग्रह धरण्याचं कारण टाक्याच्या सुबकपणापेक्षा मोठं आहे. कमाईचं साधन बाईला स्वतःला उघडता, पुसता आणि जुळवता आलं पाहिजे. ऐन लग्नसराईत मशीन अडलं आणि तालुक्याहून मेकॅनिक यायला चार दिवस लागले, तर शिलाई बुडते आणि गिऱ्हाईकही दुसरीकडे जातं. या मशीनचे बहुतेक बिघाड एक पेचकस, एक ब्रश आणि तेलाची बाटली एवढ्यावर सुटतात. सुटे भाग तालुक्याच्या बाजारात मिळतात आणि कोणत्याही कंपनीचं बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची रीळ बसते ती डबी) बहुधा दुसरीच्या मशीनला बसतं.

सुरुवातीला सगळ्यात जास्त त्रास सुईचा होतो. या मशीनला एचए×१ जातीची, दांड्याला एक बाजू सपाट असलेली सुई लागते. सपाट बाजू शटलकडे (सुईखाली फिरत दोऱ्याचा फास पकडणाऱ्या भागाकडे) आणि लांब खाच दोरा ज्या बाजूने येतो तिकडे ठेवायची, सुई वर टेकेपर्यंत ढकलायची आणि मगच स्क्रू आवळायचा. अर्धा मिलिमीटर खाली राहिली तरी शटलचं टोक दोऱ्याचा फास पकडू शकत नाही आणि टाके सुटतात. जॉर्जेट, सिल्क, पैठणी यांना ११ नंबर, सुती ब्लाऊजपीस आणि खणाला १४, जीन्सच्या आल्टरला १६ किंवा १८. पैठणी शिवताना आधी वापरलेली जुनी सुई कधीही लावू नये. बोथट टोकाने जरीची तार ओढली जाते आणि ते नुकसान भरून येत नाही. नवी सुई काही रुपयांची असते, साडी हजारोंची.

कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याची गुंडाळी झाली की बायका बॉबिनचा स्क्रू फिरवत बसतात. दोष मात्र बहुतेक वेळा वर असतो. फूट, म्हणजे कापड दाबणारा पाय, खाली असताना दोरा ओवला तर तो वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांमध्ये शिरतच नाही. म्हणून फूट उचलून दोरा ओवायचा, शिवण सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं आठ-दहा सेंटीमीटर मागे धरायची. एवढं करूनही टाका ढिला आला तर वरचं टेन्शन पाव पाव वळसा आवळत जायचं. बॉबिन केस सगळ्यात शेवटी तपासायचं. भरलेलं बॉबिन घालून केस दोऱ्याने लटकवावं आणि हलका झटका द्यावा. केस थोडं खाली सरकून थांबलं तर ताण योग्य आहे. सरसर खाली आलं तर ढिलं, हललंच नाही तर जास्त घट्ट.

तेलाबाबत अजिबात तडजोड नको. घरात आहे म्हणून खोबरेल किंवा गोडेतेल घातलेलं मशीन काही आठवड्यांत जड चालतं, कारण ही तेलं हवेत चिकट होऊन सांध्यात बसतात. तसं झालंच असेल तर मोटरचा प्लग काढावा, छिद्रांत थोडं रॉकेल सोडून चाक हाताने फिरवत राहावं, काळा मळ पुसून घ्यावा आणि मग मशीन ऑइलचा प्रत्येक छिद्रात एकच थेंब द्यावा. त्यानंतर चिंधीवर थोडा वेळ शिवण चालवावी, नाहीतर पहिलाच ब्लाऊज डागाळतो. रोज चार तास काम असेल तर एक दिवसाआड तेल आणि आठवड्यातून एकदा कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखालचा कापूस ब्रशने काढणं पुरेसं आहे.

मोटर साधारण १०० वॅटची असते. सलग दहा तास चालली तर एक युनिट वीज. त्यामुळे बिलाची भीती घालणाऱ्यांना हा हिशेब दाखवावा. मोटर लावली तरी पायडल आणि चामडी पट्टा काढून टाकू नये. भारनियमनात तोच उपयोगी पडतो. मोटरचा पट्टा बोटाने दाबल्यावर जेमतेम एक सेंटीमीटर दबेल इतका ठेवावा. ढिला असेल तर घसरतो, ताणलेला असेल तर मोटर तापते. ठिणग्या आणि जळका वास येऊ लागला की कार्बन ब्रश झिजले असं समजावं. ते स्वस्तात बदलता येतात, मोटर फेकायची गरज नसते.

मशीनच्या उणिवाही खऱ्या आहेत. झिगझॅग नाही, म्हणून फॉल-पिकोमधलं पिको आणि काजं बाहेरून करून आणावी लागतात. काही हेडना उलट टाक्याचा खटका नसतो, तसं हेड घेऊच नये. कोकणात पावसाळ्यात शटल आणि सुईपट्टीवर गंज धरतो, प्लायची फळी फुगते. स्टँडच्या मोठ्या चाकाला जाळी नसेल तर ओढणी आणि साडीचा पदर आत ओढला जातो. दुकानदाराला सांगून जाळी बसवून घ्यावीच. स्टुलाची उंची हा दोष मशीनचा नाही, पण त्रास मात्र खरा. बसल्यावर कोपर फळीच्या पातळीला आलं पाहिजे, नाहीतर सहा महिन्यांत मान आणि पाठ धरते.

प्लॅस्टिक बॉडीचं झिगझॅग मशीन शिकायला आणि हौसेला छान आहे, उचलून कपाटात ठेवता येतं. पण रोज सहा तासांच्या कामाला ते पहिलं आणि एकमेव मशीन असू नये. पिकोसाठी दुसरं म्हणून जरूर घ्यावं. ‘जुकी’ या नावाने सगळेच ज्याला ओळखतात ते कारखान्याचं मशीन मिनिटाला ५,५०० टाक्यांपर्यंत जाऊ शकतं. त्याला डीबी×१ सुई लागते आणि खालच्या तेलाच्या कढईतली पातळी खुणांच्या मध्ये ठेवावी लागते. शाळेच्या गणवेशाची ऑर्डर हातात आल्यावरच ते घ्यावं, आणि मोटर सर्व्होची, म्हणजे शिवतानाच फिरणारी, घ्यावी. जुन्या पद्धतीची क्लच मोटर शिवण थांबली तरी फिरत राहते.

मशीन कितीही चांगलं असलं तरी दर चुकला तर ते बाईला काहीच देत नाही. अस्तराच्या ब्लाऊजला मापं, कापणं, शिवण, हातशिलाई, हूक आणि इस्त्री धरून सरावलेल्या हातालाही तीन तास लागतात. अस्तर, दोरा, हूक यांचे ८० रुपये धरले आणि ओळखीखातर २०० घेतले, तर तासाला ४० रुपये पडले. ३५० घेतले तर ९०. हा आकडा वहीत लिहून ठेवावा, कारण घरात बसून केलेल्या कामाचे तास सगळेच फुकटात धरतात, अनेकदा ती स्वतःसुद्धा. प्रिन्सेस कट, कटोरी, पायपिंग यांना तास जास्त लागतात, म्हणून त्यांचा दरही वेगळा हवा.

पैसे उभे करताना दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाखापर्यंत, नंतर २ लाखांपर्यंत कर्ज. मात्र लाभ एका कुटुंबात एकालाच मिळतो आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको व अविवाहित मुलं. नवऱ्याने सुतार किंवा गवंडी म्हणून आधीच नाव नोंदवलं तर शिवणारी बायको बाद होते. नोंदणी कुणाच्या नावाने करायची हे घरात आधी बोलून ठरवावं, आणि आपलं काम ‘जोडधंदा’ म्हणून मागे ढकललं जात असेल तर वहीतला हिशेब पुढे ठेवावा. दुसरी गोष्ट, केंद्र सरकार सगळ्या महिलांना मोफत शिलाई मशीन देतं असे मेसेज फिरतात. ते खोटे आहेत, त्यांतल्या लिंकवर आधार क्रमांक देऊ नये. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाची योजना आपल्याकडे चालू आहे का, ते पंचायत समितीत जाऊन विचारावं.

पावती मशीन चालवणारीच्या नावाने घ्यावी. वॉरंटी, उद्यम नोंदणी (लहान व्यवसायाची सरकारी नोंदणी) आणि पुढचं कर्ज या सगळ्याला तो कागद लागतो. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नयेत.

दुकानात जाताना घरून तीन चिंध्या न्याव्यात: एक जॉर्जेटची, एक सुती, एक जीन्सची. दुकानदाराने नव्हे, आपण स्वतः पायडलवर बसून शिवावं. जॉर्जेटच्या दोन पदरांवर कापड गोळा होता कामा नये आणि दात्यांचे ठसे उमटता कामा नयेत. उमटले तर वरचा दाबाचा स्क्रू सैल करून पुन्हा पाहावं. जीन्सचे चार पदर १६ नंबरच्या सुईने, चाकाला हात न लावता ओलांडले गेले पाहिजेत. मग पट्टा काढून चाक हाताने सावकाश फिरवावं. एखाद्या जागी अडकत असेल किंवा खट असा आवाज येत असेल तर ते हेड परत ठेवून दुसरं मागावं.