सोलापुरात गाडीचं सस्पेन्शन 'ड्रॅगसाठी' ट्यून करून घेणाऱ्यांनो, आधी हे वाचा

बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, मोहोळकडची जी पोरं ड्रॅगच्या, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या वेगाच्या शर्यतीच्या, नादाने गाडी घेऊन सोलापुरात कामाला येतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझे ९० हजार रुपये गेले. ते गेल्याचं दुःख आहेच. पण ज्या रीतीने ते काढून घेतले ती रीत अजून तशीच चालू आहे, त्याचा राग जास्त आहे. समोरच्याचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण आता ग्राहक आयोगापुढे आहे. रीत मात्र पूर्ण सांगतो.

गाडी जुनी १.६ लिटरची बलेनो, मारुतीने १९९९ साली आणलेली ती. इंजिन उत्तम. पण सुटताना पुढची चाकं जागेवर फिरायची, आणि पकड आली की धाडधाड उड्या मारायची. ४०२ मीटरच्या रनमध्ये पहिले ६० फूट हातचे गेले की पुढे कितीही रेटा, तो वेळ भरून निघत नाही. अ‍ॅम्बी व्हॅलीच्या विमानांच्या धावपट्टीवर, जिथे ड्रॅगच्या शर्यती होतात, एकदा तरी व्यवस्थित लाँच घ्यायचा, म्हणजे जागेवरून नीट सुटायचं, एवढीच इच्छा होती.

एका ओळखीच्याने या ट्यूनरकडे, म्हणजे शर्यतीसाठी गाड्या जुळवून देणाऱ्याकडे, पाठवलं. दुकान चकाचक, भिंतीवर अमेरिकन ड्रॅग गाड्यांचे फोटो, पुढची चाकं हवेत गेलेली. बोलणं गोड. "बघा की दादा, नाक वर उचललं पाहिजे. नाक उचललं की ग्रिप येतंय." मग तीन कामं सांगितली: चारही कोपऱ्यांना अ‍ॅडजस्टेबल कॉइलओव्हर (उंची-कडकपणा बदलता येणारा स्प्रिंग आणि शॉकअपचा जोड), कॉर्नर वेट (प्रत्येक चाकावरचं वजन वेगळं मोजून जुळवणं) आणि 'लाँच सेटिंग'. साठ आगाऊ, तीस काम झाल्यावर.

'नाक उचललं पाहिजे' हे वाक्य कुणी पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीसाठी म्हणालं, तर तिथूनच परत फिरा. फोटोतल्या गाड्या मागच्या चाकांवर चालतात. नाक उचललं म्हणजे वजन मागे गेलं, आणि ओढणारी चाकं मागेच असल्याने त्यांना ते हवंच असतं. बलेनो, एस्टीम, स्विफ्ट, पोलो, होंडा सिटी या सगळ्या पुढच्या चाकांनी ओढतात. यांच्यात मागे गेलेला प्रत्येक किलो पकडीतून वजा होतो.

आता किती किलो जातात ते बघा, कारण सगळी फसवणूक याच आकड्याभोवती फिरते. ड्रायव्हरसकट गाडी १००० किलोची धरा, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर अडीच मीटर, आणि सुटतानाचा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या निम्मा. हजाराला अर्ध्याने गुणा, परत अर्ध्याने गुणा, अडीचने भागा. साधारण १०० किलो पुढून मागे जातात. या हिशेबात स्प्रिंग कुठेच नाही, शॉकअपही नाही. गाडी खाली बसवून गुरुत्वमध्य थोडा उतरवला तर तेवढा फरक पडेल, बस्स. सस्पेन्शनचं काम वेगळं आहे. नाक एकदम उसळू द्यायचं नाही, मागचा भाग बसू द्यायचा नाही, चाकाचा टो आणि कॅम्बर, म्हणजे चाकाचं आत-बाहेर वळणं आणि कलणं, जागेवर ठेवायचा आणि चाकाला उड्या मारू द्यायच्या नाहीत. त्यासाठी मागची स्प्रिंग कडक लागते आणि पुढच्या शॉकअपचा रिबाउंड, म्हणजे तो परत लांबतानाचा विरोध, कडक लागतो. या माणसाने पुढचं सगळं मऊ करून मागचा भाग खाली उतरवला होता, म्हणजे बरोबर उलट. आणि तोंडाने सांगत होता, "माझ्या स्प्रिंगने ऐंशी किलो पुढेच राहतात."

गाडी ताब्यात देताना त्याने पुरावाही दाखवला. हैदराबाद रोडच्या पुढे एका बंद कारखान्याच्या आवारात काँक्रीटचा रस्ता आहे, तिथे. काम सुरू करण्याआधी एक रन घेतला होता, काम झाल्यावर दुसरा. मोबाइलच्या अ‍ॅपवर ६० फुटांचा वेळ २.६ वरून १.९ सेकंदांवर आलेला. बघणाऱ्याला वाटावं, जादूच झाली.

त्या आकड्यामागे काय होतं ते नंतर एकेक करून कळलं. साध्या फोनचं जीपीएस बहुतेक वेळा सेकंदाला एकदाच जागा नोंदवतं. दोन सेकंदांच्या आत-बाहेरची गोष्ट त्यावर मोजताच येत नाही, अ‍ॅप मधला आकडा अंदाजाने भरतं. शिवाय आधीचा रन पुढच्या टायरमध्ये ३३ पीएसआय हवा ठेवून, बारीक वाळू पसरलेल्या भागावरून घेतला होता. नंतरच्या रनच्या आधी त्याच्या पोराने पुढची हवा १८ वर आणली आणि गाडी झाडलेल्या पट्ट्यावर लावली. हवा उतरवली की टायर पसरतो आणि पकड वाढते, त्याला पाच मिनिटं लागतात आणि पैसा लागत नाही. फुकटचा बदल आणि महागाचा बदल एकाच वेळी करायचा, आणि आलेला फायदा महागाच्या नावावर खपवायचा, हा खरा धंदा आहे.

धावपट्टीवर गेल्यावर मोजमाप दुसऱ्याचं, रस्ता सगळ्यांना सारखा. तिथे गाडीने नाक आकाशात घातलं, चाकं पूर्वीपेक्षा जोरात उडाली आणि उजवा ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाक फिरवणारी दांडी, जॉइंटमध्ये तुटला. गाडी टोइंग करून आणावी लागली.

परत आल्यावर गाडी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी पुढचा एक शॉकअप उतरवला, स्प्रिंग काढली आणि माझ्या हातात दिला. "दाब. आता ओढ. आता वरचं बटण फिरव आणि परत ओढ." बटण टकटक करत फिरत होतं, बत्तीस टकटक. पहिल्या टकटकीला जेवढा जोर लागला तेवढाच शेवटच्या टकटकीला. मग अण्णांनी वरचा नट सोडवला आणि बटण उपसलं. खऱ्या अ‍ॅडजस्टेबल शॉकअपची दांडी आतून पोकळ असते. तिच्यातून एक बारीक सुई खाली जाते आणि तेल जायचा मार्ग कमी-जास्त करते. इथे दांडी भरीव होती. तिच्या टोकाला बोटाच्या पेराएवढं आंधळं भोक, त्यात एक छर्रा आणि पेनातली असावी तशी चिमुकली स्प्रिंग. टकटक तिथून येत होती.

"ह्यात काय बी नाही लेका," अण्णा म्हणाले. "नुसता आवाज विकलाय त्यानं."

मग त्यांनी गाडीखाली टॉर्च मारला. गिअरबॉक्सकडच्या माउंटिंगचं, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स गाडीला धरून ठेवणाऱ्या जोडाचं, रबर पार फाटलेलं. चाकं उडण्यामागे पहिल्यापासून तेच मोठं कारण होतं. पकड मिळाली की इंजिन मागे झुकायचं, सुटली की पुढे यायचं, आणि चाक नाचायचं. ९० हजारांच्या कामात त्या माउंटिंगला कुणी हातही लावला नव्हता.

कॉर्नर वेटचा तर कागदच खोटा. त्याने लॅमिनेट करून दिलेल्या तक्त्यावर चार आकडे आहेत: पुढे डावीकडे ३१८, पुढे उजवीकडे ३०६, मागे डावीकडे २८१, मागे उजवीकडे २७९. बेरीज ११८४ किलो. एमआयडीसीतल्या वजनकाट्यावर गाडी नेली. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली, ६०० किलो. मग फक्त मागची, ३७०. एकूण ९७०. दोनशे किलोंहून जास्त वजन कागदावर हवेतून आलेलं. आमच्या घरचा ऊस कारखान्याला जातो, काटामारी म्हणजे काय हे आम्हाला शिकवावं लागत नाही. तिथे वजन कमी दाखवून लुटतात, इथे वाढवून दाखवलं एवढाच फरक. आणि प्रमाण बघा. कागदाप्रमाणे जवळजवळ निम्मं वजन मागे. इंजिन, गिअरबॉक्स सगळं पुढे असलेल्या गाडीत असं कसं होईल? काट्यावर ६२ टक्के पुढे आलं, तेच खरं. चार चाकांखाली चार वजनमापकं ठेवल्याशिवाय कॉर्नर वेट होत नाही, आणि त्या दुकानात तशी वजनमापकं कुणीच पाहिलेली नाहीत.

पैसे परत मागायला गेलो तेव्हा गोड बोलणं संपलं. आधी म्हणाला, "इंजिनात दम नाही, सस्पेन्शन काय करणार?" मग, "तुम्ही बाहेर खोलून घेतलं, आता गॅरंटी नाही." माझे मूळचे शॉकअप मागितले तर ते 'भंगारात गेले'. बिलावर जीएसटी क्रमांक होता. २७ ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचाच, पंधरा अक्षरी, दिसायला अस्सल. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर निघाला चादर-टॉवेलच्या व्यापाऱ्याचा. त्या बिचाऱ्या व्यापाऱ्याला याची कल्पनाही नव्हती. पंधरा अक्षरं टाकून बघायला मिनिटभर लागतं. पैसे देण्याआधी, दुकानात उभं राहून बघा.

रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवल्यावर निरोप आला: २० हजार रोख घ्या आणि 'काही तक्रार नाही' असं लिहून द्या. मी सही दिली नाही. अशी सही दिली की पुढची वाट अवघड होते, हे लक्षात ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते, आणि १९१५ या हेल्पलाइनवर आधी विचारता येतं. यूपीआयच्या पावत्या, त्याचे मेसेज, अण्णांनी शॉकअप खोलतानाचा व्हिडिओ, काट्याची पावती, सगळं जोडलं आहे. एक मात्र आधीच सांगतो. अशी चाचणी कुणी सार्वजनिक रस्त्यावर करू म्हणालं तर गाडीत बसूच नका. रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि जीव जातो तो वेगळाच.

बलेनो आता बरी सुटते. माउंटिंग नवीन, मागे कडक स्प्रिंग, पुढे साधेच पण चांगले शॉकअप, अलाइनमेंट नीट, स्टेपनी रनच्या वेळी बाहेर. अण्णांनी एका वेळी एकच गोष्ट बदलली आणि दर बदलानंतर त्याच पट्ट्यावर, तेवढ्याच हवेवर मोजायला लावलं. सगळ्यात जास्त फरक माउंटिंगने पडला.

गेल्या आठवड्यात बार्शीचा एक मुलगा स्विफ्ट घेऊन अण्णांकडे आला. त्याच्याकडेही तसाच लॅमिनेट केलेला तक्ता होता. गाडी वेगळी, मालक वेगळा, आणि आकडे तेच: ३१८, ३०६, २८१, २७९. तुमच्या तक्त्यावर हे चार आकडे असतील तर तो फाडू नका. पैसे दिल्याच्या पावतीसकट जपून ठेवा आणि दोन वर्षं उलटायच्या आत तक्रार द्या. बार्शीच्या मुलाचा कागद माझ्या प्रकरणात जोडतोय. आणखी जेवढे येतील तेवढे हवे आहेत.